प्रेअरीतलं छोटं गाव आणि त्याची लोकसंख्या: सस्कॅचवनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात वस्ती साठ, घरं तीसच्या आत, पण स्वतःचा महापौर असलेली गावं आहेत. नकाशावर किंवा शिरगणतीच्या तक्त्यात असं गाव पहिल्यांदा दिसलं की जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न: साठ माणसांची वस्ती, आणि तिला गाव म्हणतात?

हो, आणि कायद्याने म्हणतात. सस्कॅचवनमध्ये ‘व्हिलेज’ हा नगरपालिकेसारखा दर्जा आहे: हद्द, निवडलेलं मंडळ, कर लावायचा अधिकार, सगळं आलं. ५०० लोकांच्या वर ‘टाउन’ होता येतं, ५,००० च्या वर ‘सिटी’. लोकसंख्या घटली म्हणून दर्जा आपोआप जात नाही. त्यामुळे १९२० मध्ये तीनशे वस्ती असलेलं गाव आज तीसवर आलं तरी कागदोपत्री गावच राहतं. प्रांतात अशी अडीचशेच्या आसपास गावं आहेत.

प्रांत केवढा, हे आधी डोळ्यांसमोर आणायला हवं. क्षेत्रफळ साधारण साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. २०२१ च्या शिरगणतीत माणसं ११,३२,५०५. त्यातली निम्मी सस्कॅटून आणि रिजायना या दोन शहरांत आणि त्यांच्या आसपास. उरलेल्यांतले बरेच जण दक्षिणेच्या शेतीपट्ट्यात विखुरलेले आहेत. उत्तरेला जंगल आणि तळी.

प्रश्न: गावात शेतकरी किती?

फारच थोडे. इथेच आपला अंदाज चुकतो. आपल्याकडे वस्ती मधे आणि शिवार भोवती असतं, माणूस सकाळी गावातून रानात जातो. प्रेअरीत, म्हणजे इथल्या सपाट गवताळ प्रदेशात, शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातच घर बांधलं, कारण जमीन फुकटात मिळवण्याची अटच ती होती. गाव उभं राहिलं ते रेल्वेच्या कडेला, धान्य विकायला, टपाल घ्यायला आणि खिळे-रॉकेल आणायला. गावात राहायचे स्टेशनमास्तर, दुकानदार, लोहार, शिक्षिका, धान्यकोठाराचा एजंट.

आजही गावाच्या हद्दीबाहेरचा शेतकरी ‘रूरल म्युनिसिपालिटी’त, म्हणजे ग्रामीण पालिकेत मोजला जातो. अशा ग्रामीण पालिका २९६ च्या घरात आहेत आणि गावं त्यांच्या पोटात बेटांसारखी बसलेली असतात. म्हणून गावाच्या नावापुढचा ‘६०’ हा आकडा हद्दीतल्या माणसांचाच. त्याच गावाच्या टपालपेटीवर, हॉलवर आणि बर्फाच्या रिंकवर अवलंबून असलेली माणसं याच्या दोन-तीन पट असू शकतात. पण ती शेजारच्या खात्यात मांडलेली असतात.

प्रश्न: जमीन फुकटात म्हणजे कशी?

१८७२ च्या डॉमिनियन लँड्स ॲक्टनुसार १० डॉलर नोंदणी शुल्क भरून १६० एकर मिळायचे. त्यावर राहायचं, घर बांधायचं, ठरावीक एकर गवताळ रान फोडून लागवडीखाली आणायचं, आणि तीन वर्षांनी मालकीचा कागद मिळवायचा. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दहापैकी सुमारे चार अर्ज मालकीपर्यंत पोचलेच नाहीत. झाडं नसल्याने घर मातीच्या ढेपांचं, पाण्यासाठी विहीर खोल, आणि ऑगस्टमध्येच पडणाऱ्या थंडीत उभा गहू गारठायचा.

ही जमीन रिकामी नव्हती, हे सांगायलाच हवं. क्री, सोतो, असिनिबोइन, डकोटा या लोकांचा तो प्रदेश. १८७४ चा करार क्रमांक ४ आणि १८७६ चा करार क्रमांक ६ यांच्यानंतर त्यांना राखीव क्षेत्रांत ढकललं गेलं आणि मग जमिनीचं वाटप जोरात सुरू झालं. पनिची हे छोटं गाव घ्या. त्याच्या लगत जॉर्ज गॉर्डन फर्स्ट नेशनचं (‘फर्स्ट नेशन’ म्हणजे मूळनिवासींचा समूह) राखीव क्षेत्र आहे आणि तिथली निवासी शाळा १९९६ पर्यंत चालू होती. मुलांना आईबापांपासून तोडून तिथे ठेवलं जायचं. अशा भागात गावाची वस्ती घटत असताना शेजारच्या फर्स्ट नेशनची वाढताना दिसू शकते. दोन्ही आकडे एकत्र पाहिल्याशिवाय ‘हा भाग ओस पडतोय’ असं म्हणू नये.

प्रश्न: नकाशावर सगळे रस्ते पट्टीने आखल्यासारखे का दिसतात?

कारण ते खरोखरच तसे आखलेत. जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या ‘टाउनशिप’मध्ये कापली. प्रत्येक टाउनशिपमध्ये एक मैल चौरसाचे ३६ ‘सेक्शन’, एका सेक्शनचे ६४० एकर, त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. सेक्शनचे क्रमांक आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे सहापर्यंत जातात, मग वरच्या ओळीत उलटे पूर्वेकडे येतात. ११ आणि २९ हे सेक्शन शाळांसाठी राखीव होते, ८ हा आणि २६ चा बहुतेक भाग हडसन्स बे या जुन्या फर-व्यापारी कंपनीचा. रेल्वे कंपन्यांना विषम क्रमांकांचे सेक्शन मिळत.

उत्तर-दक्षिण रस्त्यासाठी दर मैलाला जागा सोडलेली असते, पूर्व-पश्चिम रस्त्यासाठी दर दोन मैलांना. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येत जातात, म्हणून दर २४ मैलांवर दुरुस्तीची रेषा येते. तिथे सरळ चाललेला खडीचा रस्ता अचानक बाजूला सरकतो. रात्री, धुक्यात, अनोळखी माणसाची गाडी चरात जाते ती बहुधा इथेच.

प्रश्न: ‘एनई १२-३४-१५ डब्ल्यू२’ हा कसला पत्ता?

शेताचा. डावीकडून वाचा: ईशान्येचा चतुर्थांश, सेक्शन १२, टाउनशिप ३४, रेंज १५ (पश्चिमेकडे मोजलेला टाउनशिपचा उभा पट्टा), दुसऱ्या मुख्य रेखावृत्ताच्या पश्चिमेला. टाउनशिप अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे मोजतात, म्हणजे ही जागा सीमेपासून साधारण दोनशे मैल वर. दुसरं रेखावृत्त १०२ अंशांवर, तिसरं १०६ वर आणि चौथं ११० वर आहे. हे चौथं म्हणजेच शेजारच्या अल्बर्टा प्रांताची सीमा. रुग्णवाहिका बोलावताना गावाच्या नावापेक्षा हा पत्ता जास्त कामाचा. पाहुणे म्हणून उतरला असाल तर यजमानांकडून तो आधीच लिहून घ्या.

प्रश्न: गावं इतक्या ठरावीक अंतरावर का?

घोड्यांमुळे. दोन घोड्यांच्या गाडीत ५० ते ६० बुशेल गहू मावायचा. बुशेल म्हणजे ६० पौंड, तेव्हा भार दीड टनाच्या आसपास. तो घेऊन शेतकरी स्टेशनवर जाऊन त्याच दिवशी परत यायला हवा. म्हणून रेल्वेने दर आठ-दहा मैलांवर थांबा आखला, तिथे पाण्याची टाकी, डबे उभे करायला बाजूचा रूळ आणि धान्यकोठार उभं केलं.

ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने तर नावंही इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने दिली. मेलव्हिलकडून पश्चिमेला निघालात की फेनवुड, गुडईव्ह, हबर्ड, आयट्यूना, जॅस्मिन, केलिहर अशी रांग लागते. पुढे क्विंटन, रेमोर, सीमन्स, टेट, आणि त्याहून पुढे व्हेन, वॉट्रस, झीना (इंग्रजीत ‘एक्स’ने सुरू होणारं), यंग, झेल्मा. झेड संपल्यावर ॲलन, ब्रॅडवेल, क्लाव्हेट अशी पुन्हा ‘ए’पासून सुरुवात. मधेच एखादं नाव क्रम मोडतं. लोक आधी आले, त्यांनी गाव वसवलं आणि मग रेल्वे आली, असं इथे क्वचितच झालं. आधी आराखडा, मग स्टेशन, मग माणसं. गाव टिकेल की नाही हे पुढे ठरलं तेही बरंचसं रेल्वेच्याच कागदावर.

प्रश्न: ते उंच लाकडी एलिव्हेटर नेमके कसे चालायचे?

ग्रेन एलिव्हेटर म्हणजे धान्य वर चढवून साठवणारं कोठार. उंची सत्तर-ऐंशी फूट, जुन्या नमुन्यांची साठवण २५ ते ३५ हजार बुशेल. भिंती फळ्या उभ्या ठोकून नव्हे, तर आडव्या एकीवर एक रचून खिळ्यांनी जोडलेल्या असतात. धान्य भिंतीला बाहेर ढकलतं, तो दाब पेलायला हीच रचना लागते. बाहेरून पत्रा, कारण वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्या.

गाडी उतारावरून आत यायची आणि तराजूच्या फळीवर उभी राहायची. एजंट भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचा. मग गाडीचं तोंड वर करून धान्य जाळीतून खालच्या खड्ड्यात ओतलं जायचं, आणि रिकाम्या गाडीचं वजन व्हायचं. फरक म्हणजे माल. खड्ड्याच्या तळातून ‘लेग’ वर जायचा: सलग फिरणारा पट्टा, त्यावर टिनच्या वाट्या. वाट्या धान्य वरच्या टोकाला नेऊन ओतायच्या. तिथून फिरती नळी ज्या कप्प्याकडे वळवाल त्या कप्प्यात माल पडायचा. रेल्वेचा डबा आला की त्याच कप्प्यातून धान्य पुन्हा खाली, पुन्हा लेगने वर आणि बाहेरच्या नळीने डब्यात. सगळं काम गुरुत्वाकर्षणावर. इंजिन फक्त वर चढवायला.

भांडण व्हायचं ते प्रतवारीवर आणि ‘डॉकेज’वर, म्हणजे कचरा, तणाचं बी, फुटके दाणे यांसाठी होणाऱ्या वजावटीवर. ओलावाही मोजला जातो. गहू १४.५ टक्क्यांपर्यंत कोरडा धरतात, त्यावर गेला की भाव उतरतो आणि कोठारात तापून सडण्याचा धोका वाढतो. बुरशी, मोड आलेला दाणा, थंडीने आकसलेला दाणा, यातल्या प्रत्येकाने प्रत खाली येते.

डबे कोणाला आधी मिळणार यावरूनही जुंपायची. रेल्वे कोठारवाल्यांना झुकतं माप देते म्हणून १९०२ मध्ये सिंटालूटा इथे शेतकऱ्यांनी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या एजंटवर खटला भरला आणि जिंकला. स्वतःसाठी थेट रेल्वेचा डबा मागवायचा शेतकऱ्याचा हक्क आजही कायद्यात आहे. त्याला ‘प्रोड्यूसर कार’ म्हणतात.

१९३० च्या दशकात सस्कॅचवन, अल्बर्टा आणि मॅनिटोबा या तिन्ही प्रेअरी प्रांतांत मिळून ५,७०० हून जास्त एलिव्हेटर होते. बरेच आगीत गेले: धुळीचा स्फोट, तापलेलं बेअरिंग, वीज. सस्कॅचवनमधल्या फ्लेमिंग गावचा १८९५ चा एलिव्हेटर मूळ जागी उभा असलेला देशातला सर्वांत जुना मानला जायचा. तोही २०१० मध्ये कोणीतरी लावलेल्या आगीत जळाला. पण बहुतेक जळाले नाहीत, पाडले गेले. पाच एलिव्हेटरची अख्खी रांग पाहायची असेल तर मॅनिटोबातल्या इंग्लिसला जा. ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपली आहे.

प्रश्न: लोकसंख्या घटायला नेमकी कधी लागली आणि का?

एका कारणावर बोट ठेवणारं उत्तर चुकीचं असतं. आधी प्रांताचे आकडे पाहा. १९०१ मध्ये ९१,२७९. १९११ मध्ये ४,९२,४३२. दहा वर्षांत पाचपट. १९३१ मध्ये ९,२१,७८५, आणि सस्कॅचवन देशातला तिसऱ्या क्रमांकाचा प्रांत. त्यानंतर दुष्काळ, मातीची वादळं आणि गव्हाचा कोसळलेला भाव. ५ जुलै १९३७ ला येलो ग्रास आणि मिडेल इथे पारा ४५ अंशांवर गेला होता. १९५१ पर्यंत प्रांत ८,३१,७२८ वर उतरला.

पुढे प्रांत सावरला, पण छोटी गावं नाही. ट्रॅक्टर, कंबाइन (कापणी-मळणीचं यंत्र) आणि मोठ्या ट्रकमुळे एक माणूस जास्त जमीन कसू लागला. १९३६ मध्ये प्रांतात १,४२,००० हून जास्त शेतं होती, २०२१ मध्ये ३४,१२८. सरासरी शेत आता १,७०० एकरांच्या पुढे. शेतकरी कुटुंबं चौथ्या हिश्श्यावर आली की दुकान, शाळा, चर्च यांचं गिऱ्हाईकही चौथ्या हिश्श्यावर येतं, हे साधं गणित.

मग एकेक खांब पडत गेला. १९४४ नंतर छोट्या शाळांचे जिल्हे मोठ्या घटकांत विलीन झाले आणि एकशिक्षकी शाळा बंद पडल्या. पक्का रस्ता झाला आणि गिऱ्हाईक पन्नास किलोमीटरवरच्या मोठ्या दुकानात जाऊ लागलं. धान्यवाहतुकीच्या १८९७ पासूनच्या सवलतीच्या ‘क्रो’ दराच्या जागी पुढे आलेलं अनुदानही १९९५ मध्ये संपलं. आडमार्गावरची रेल्वे परवडेना, रूळ उपटले गेले, आणि धान्य शंभर-शंभर डब्यांच्या गाड्या भरणाऱ्या काँक्रीटच्या मोठ्या टर्मिनलकडे वळलं. १९९३ मध्ये ५२ ग्रामीण रुग्णालयांचा दाखल-उपचारांचा निधी थांबला. ३१ मे २०१७ ला सरकारी बससेवाही बंद झाली. त्यानंतर गाडी न चालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गावात राहणं फारच अवघड झालं.

क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. शाळा गेली की तरुण कुटुंब येत नाही. एलिव्हेटर गेला की गावाचा सर्वांत मोठा करदाता जातो. पोस्ट मात्र पुष्कळ ठिकाणी टिकलं, कारण ग्रामीण पोस्ट ऑफिसं बंद करण्यावर १९९४ मध्ये स्थगिती आली.

प्रश्न: शिरगणती कशी होते? कोणाला कुठे मोजतात?

दर पाच वर्षांनी, मे महिन्यात. २०२१ चा संदर्भदिवस ११ मे होता. माणूस त्या रात्री कुठे झोपला यावर नाही, तर त्याचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण कोणतं यावर मोजतात. थंडीत अमेरिकेतल्या उबदार ॲरिझोनाला जाणारं जोडपं गावातच मोजलं जातं. सस्कॅटूनला शिकणारा पण सुट्टीत आईवडिलांकडे येणारा विद्यार्थी आईवडिलांच्या घरी. उन्हाळ्यापुरतं उघडणारं घर ‘एकूण घरं’ या रकान्यात येतं, ‘वस्ती असलेली घरं’ या रकान्यात नाही. छोटा अर्ज सगळ्यांना जातो, मोठा साधारण चारांपैकी एका घराला.

प्रश्न: छोट्या गावांचे आकडे ०ने किंवा ५ने संपलेले का दिसतात?

गोपनीयतेसाठी. वीस माणसांच्या गावात ‘६५ वर्षांवरील पुरुष: १’ असं छापलं तर तो कोण हे सगळ्यांना कळेल. म्हणून स्टॅटिस्टिक्स कॅनडा लहान आकडे मुद्दाम पाचाच्या पटीत वर किंवा खाली नेते, आणि ते नेहमीच्या पूर्णांकनाने नव्हे तर यदृच्छेने. परिणाम असा की उपगटांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. ही चूक नव्हे. चाळीसपेक्षा कमी वस्ती असेल तर वैशिष्ट्यांचे तक्ते दिलेच जात नाहीत.

म्हणून ‘गावाची लोकसंख्या ३३ टक्क्यांनी वाढली’ असा मथळा दिसला तर आधी मूळ आकडे बघा. पंधराचे वीस झाले असतील. एक कुटुंब आलं असेल, किंवा कोणीच आलं नसेल, आणि नुसता आकडा वरच्या पाचावर गेला असेल.

प्रश्न: आरोग्यकार्डाचा आकडा शिरगणतीपेक्षा मोठा का?

प्रांताचं आरोग्य खातं दरवर्षी कार्डधारकांची मोजणी देतं. तिथे माणूस टपालाच्या पत्त्यावरून गावाच्या नावे लागतो. आसपासच्या शेतांवरच्यांची टपालपेटी गावात असल्याने तेही त्यात येतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. कर आणि अनुदानाला शिरगणती. दवाखाना किंवा किराणा दुकान चालेल का हे पाहायला मात्र आमच्या मते आरोग्यकार्डाचा आकडा जास्त उपयोगी.

प्रश्न: दोन-चार माणसं कमी मोजली गेली तर काय बिघडतं?

पैसे बुडतात. प्रांत आपल्या विक्रीकराच्या उत्पन्नातला एक हिस्सा पालिकांना वाटतो. गावांचा वाटा माणशी ठरतो आणि माणसं मोजायची शिरगणतीवरून. एक कुटुंब सुटलं तर फटका पुढची शिरगणती येईपर्यंत, म्हणजे पाच वर्षं. म्हणून गावाची प्रशासक मे महिन्यात दारोदार विचारते, ‘फॉर्म भरला का?’ सुटण्याची नेहमीची कारणं: पत्त्याऐवजी फक्त टपालपेटीचा क्रमांक असणं, बंद वाटणाऱ्या घरात भाडेकरू असणं, आणि गावाची हद्द ओलांडून घर शेजारच्या पालिकेत टाकलं जाणं. हद्दीची चूक सापडली तर पालिकेला फेरतपासणी मागता येते, पण पुराव्यासकट.

प्रश्न: कारभार कोण पाहतं आणि कर कसा बसतो?

महापौर आणि किमान दोन सदस्य. निवडणूक चार वर्षांनी. उमेदवार जागांइतकेच असतील तर बिनविरोध, आणि छोट्या गावात बहुतेक वेळा तसंच होतं. मतदानाला कॅनडाचं नागरिकत्व लागतं, कायम रहिवासी असणं पुरत नाही. रोजचं काम पगारी प्रशासक करते. ती आठवड्यातून एक-दोन दिवस येते आणि बाकीचे दिवस दुसऱ्या गावांचा हिशोब बघते.

कराचं गणित असं. घराचं मूल्यांकन ५०,००० डॉलर झालं. राहत्या घराचा ८० टक्के भाग करपात्र, म्हणजे ४०,०००. गावाचा दर १० मिल, म्हणजे हजारी दहा. कर ४०० डॉलर. यात शिक्षणकर वेगळा. पण निम्मी घरं कवडीमोल असली तर अशाने दिवाबत्तीही निघत नाही, म्हणून बहुतेक गावं किमान कर लावतात. त्यामुळे वीस हजारांच्या घराला आणि ऐंशी हजारांच्या घराला जवळपास सारखाच कर बसू शकतो. तक्रारी त्यावरूनच होतात.

कर थकला तर गाव मालमत्तेवर बोजा नोंदवतं आणि शेवटी मालकी गावाकडे येते. ही लॉटरी नव्हे. पडकं घर पाडायला आधी ॲस्बेस्टॉसची तपासणी, मग यंत्र, मग राडारोडा दूरच्या कचराभूमीवर नेण्याचा खर्च. रिकाम्या प्लॉटची किंमत त्याहून कमी भरते.

प्रश्न: पाणी आणि सांडपाण्याचं काय?

गावं बंद पडतात ती बऱ्याचदा इथे. दोनशे माणसांसाठी टाकलेली नळयोजना चाळीस माणसांनी चालवायची. जमीन खोलवर गोठत असल्याने नळ अडीच-तीन मीटर खाली. एक गळती शोधायची तर खोदकामाचा ठेकेदार दूरवरून. विहिरीच्या पाण्यात लोह आणि मँगनीज जास्त असणं नेहमीचं. पाणी उकळून प्यायची सूचना महिनोन्महिने चालू राहते, कारण प्रशिक्षित ऑपरेटर मिळत नाही. सांडपाणी मातीच्या दोन कप्प्यांच्या तळ्यात साठवतात आणि ठरावीक काळात सोडतात. लोक कमी झाले की नळात पाणी खेळत नाही, क्लोरीन उडून जातं, आणि कडाक्याच्या थंडीत टोकाच्या घराची जोडणी गोठते. अशा घराला हिवाळाभर नळ किंचित चालू ठेवायला सांगतात.

प्रश्न: गाव ‘संपतं’ म्हणजे काय होतं?

मंडळ ठराव करतं, लोकांची सभा घेतं, शेजारच्या ग्रामीण पालिकेशी बोलणी करतं आणि मंत्र्याकडे अर्ज जातो. आदेश निघाला की गावाची मालमत्ता, देणी आणि रस्ते त्या पालिकेकडे जातात. घरं आणि माणसं जागीच राहतात. शिरगणतीच्या पालिकांच्या यादीतून मात्र नाव जातं. २००२ मध्ये दर्जा सोडलेल्या रॉबसार्टला आजही लोक फोटो काढायला जातात. बोलणी फिसकटतात ती देण्यांवरून. पाण्याच्या जुन्या योजनेचं ओझं शेजाऱ्याला नको असतं. वेळेत, हाती चार पैसे असताना बोलणी सुरू केलेली गावं बऱ्या अटींवर जातात. शेवटचा सदस्य राजीनामा देईपर्यंत थांबलेल्यांना अटी उरतच नाहीत.

प्रश्न: घर खूप स्वस्त दिसतंय. घ्यावं का?

गाडी, फोनवरून होणारं काम आणि थंडीची तयारी असेल तर विचार करा. आधी हे तपासा:

तळघराच्या भिंतींना आडव्या भेगा आहेत का? इथली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भिंत आत ढकलते. घर गरम ठेवणारी भट्टी किती वर्षांची? हिवाळ्यात उणे ४० ला ती बंद पडली तर काही तासांत नळ फुटतात. विमा मिळेल का? अग्निशमन दल स्वयंसेवी आणि लांब असेल, लाकडाची शेगडी असेल, तर कंपनी नकार देते किंवा हप्ता वाढवते. आणि विमा नसेल तर बँक कर्ज देत नाही. फारच स्वस्त घरांवर बँका तसंही कर्ज द्यायला नाखूश असतात, त्यामुळे रोख रकमेची तयारी ठेवा. एक डॉलरला प्लॉट अशा जाहिरातींत ठरावीक मुदतीत घर बांधायची अट असते. ती पाळली नाही तर प्लॉट परत जातो.

प्रश्न: भारतीय नागरिकाला इथे जमीन घेता येते का?

शेतजमीन आणि गावातलं घर, दोन्हींचे नियम वेगळे. कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांना सस्कॅचवनमध्ये १० एकरांपेक्षा जास्त शेतजमीन घेता येत नाही. बिगर-कॅनेडियनांना राहतं घर घ्यायला १ जानेवारी २०२३ पासून असलेली केंद्राची बंदी शहरी क्षेत्रांना लागू आहे, त्यांच्या बाहेरच्या छोट्या गावांना नाही. पण घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही, हे दलाल सांगत नाहीत.

प्रश्न: आपला या गावांशी काही संबंध?

मसूर. सस्कॅचवन विद्यापीठाने १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे मसुराचं वाण आणलं आणि पड टाकायच्या जमिनीत पैसा देणारं पीक मिळालं. मे महिन्यात पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरात काढणी. शेंगा जमिनीलगत लागतात, म्हणून पेरल्यानंतर रोलर फिरवून दगड मातीत दाबतात, नाहीतर कंबाइनचं पातं मोडतं. आपल्याकडच्या किराणा दुकानातली मसूर डाळ बऱ्याचदा याच भागातून व्हॅंकूव्हरमार्गे आलेली असते. २०१७ च्या अखेरीस भारताने पिवळ्या वाटाण्यावर ५० आणि मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा लातूर-अकोल्याच्या बाजारात भावाची चर्चा होती आणि इकडे कोठारात पडून राहिलेल्या मालाची. शुल्क पुढे अनेकदा बदललं.

प्रश्न: एखाद्या गावाचा आकडा स्वतः कसा शोधायचा?

स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या संकेतस्थळावर ‘सेन्सस प्रोफाइल’ उघडा, गावाचं नाव टाका. एकाच नावाच्या दोन-तीन नोंदी येतील, कारण गावाच्या आणि ग्रामीण पालिकेच्या नावात सारखेपणा असतो. नावापुढे ‘व्हीएल’ असेल ते गाव, ‘आरएम’ असेल ती ग्रामीण पालिका. दोन्ही उघडा. लोकसंख्या, एकूण घरं आणि वस्ती असलेली घरं हे तीन आकडे टिपून घ्या आणि मागच्या दोन शिरगणत्यांशी ताडून पाहा. वस्ती घटली पण वस्तीची घरं तेवढीच असतील तर मुलं बाहेर गेली आणि म्हातारी माणसं मागे राहिली. घरंही घटली असतील तर कुटुंबंच्या कुटुंबं उठली. हद्द बदलली असेल तर तक्त्याखाली टीप असते. ती न वाचता केलेली तुलना फुकट जाते.